फुलीपाशी थांबलेली बाई

दवाखान्याच्या कचेरीत कुठलं काम कशानंतर करायचं याचे तक्ते काढणाऱ्या गृहस्थांना सगळे चौकटराव म्हणत. माणूस भला, पण चौकटी आणि बाण यांपलीकडे त्याला जग नाही. त्यांची बायको तिथल्याच धुलाईखान्यात बावीस वर्षं कपडे निवडत होती.

यंदा धुलाईखान्याचाही तक्ता त्यांनी काढला. तिरक्या चौकटीत फुली असेल, तर पुढच्या दोन वाटांपैकी एकच धरायची. अधिकचं चिन्ह असेल, तर दोन्ही कामं एकदम सुरू करायची. त्यांना यात न कळण्यासारखं काही दिसत नव्हतं.

व्यवस्थापकांनी फर्मान काढलं: ज्याला तक्ता सांगता येणार नाही, त्याची बदली फरशी पुसायला. पहिला नंबर नेमका बायकोचा लागला. तिने फुलीवर बोट ठेवलं.

"इथं थांबायचं. फुली आहे ना."

"आणि हे अधिक?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"हे औषधांचं दुकान."

"नाचता येईना अंगण वाकडं," म्हणत व्यवस्थापकांनी बदलीच्या कागदावर तिचं नाव लिहिलं. तिचे गुडघे त्या कामात आठवडाभरही टिकणार नाहीत, हे चौकटरावांना ठाऊक होतं. तरी ते मूग गिळून बसले.

संध्याकाळी तिने चहा पुढे ठेवला. "अहो, एकच सांगा. दवाखान्यात फुली मारलेल्या दारातून कुणी आत जातं का?"

चौकटरावांना ठसका लागला. त्या दारांवरच्या फुल्या त्यांनीच चिकटवल्या होत्या.

सकाळी ते तडक व्यवस्थापकांकडे गेले. "साहेब, अंगणच वाकडं आहे, आणि ते माझं आहे. बाकीच्या आठ जणींनाही विचारा." विचारलं, तर सहा जणी फुलीपाशीच थांबल्या.

मग बायकोला शेजारी बसवून, तिला विचारत विचारत त्यांनी नवा तक्ता काढला. फुलीच्या जागी फाटा फुटलेला रस्ता: एकीकडे रक्त लागलेली चादर, दुसरीकडे नुसती मळकी. अधिकच्या जागी दोन हात, दोन्हींत बादल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणींनी तो न अडखळता सांगितला आणि व्यवस्थापकांनी बदलीचा कागद फाडला.

दोघं घरी निघाली. चौकटरावांना वाटलं, आता शाबासकी मिळेल.

"गुडघे काय, दुखतातच," ती म्हणाली. "परवा तुम्ही गप्प बसलात, ते जास्त दुखलं."

"माहीत आहे. घाबरलो होतो."

ती थांबली. मग त्यांचा हात धरून म्हणाली, "जरा हळू चला."