सुमतीमावशींचा राखीव डबा

शुक्रवारची सकाळ होती, सुट्टीची. नेहाचा फोन आला. "आई गेल्या गं वैशाली... ठाण्यालाच. झोपेत." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुटल्या!" नेहाला वाटलं मी त्यांच्या दुखण्याबद्दल बोलतेय. ती म्हणाली, "हो ना, हाल झाले नाहीत." आता दीड महिना उलटल्यावर कबूल करते, मला म्हणायचं होतं, माझ्या तावडीतून सुटल्या. दोन वर्षं मी त्या बाईंच्या मागावर होते. मला त्यांच्याकडून एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि ते न देताच त्या निघून गेल्या.

नेहा आणि मी कतारमध्ये, अल वक्राला एकाच कंपाउंडमध्ये राहतो. सुमतीमावशी तिच्या सासूबाई; दर हिवाळ्यात ठाण्याहून यायच्या आणि ऊन तापायला लागलं की परत जायच्या. मी इथे एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. पुरवठादारांचे कागद तपासायचे, शिक्का खरा का, सही त्याच माणसाची का, हे हुडकायचं, याचाच मला पगार मिळतो. माझा नवरा म्हणतो, "ही बाई देवळात गेली तर प्रसादाचंही कोटेशन मागेल." तर असा माझा स्वभाव. त्यामुळे समुद्रकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या, नऊवारीच्या वयात पाचवारी आणि पायात नातीचे जुने स्पोर्ट्स शूज घालणाऱ्या या बाई पहिल्या हिवाळ्यात मला आवडल्या, आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्या पूर्वी कुठे नोकरीला होत्या हे कळलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्या राज्य सरकारात होत्या. आपत्तीसाठी जो राखीव निधी ठेवलेला असतो, त्यातून कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, त्या फायली वर्षानुवर्षं त्यांच्या टेबलावरून गेलेल्या. हे त्या मोठ्या अभिमानाने सांगायच्या. आणि माझ्या डोळ्यांसमोर एक पत्र यायचं.

आमचं गाव खाडीकाठचं. मी शाळेत असताना एका उधाणाच्या भरतीला बाहेरचा बांध फुटला आणि समुद्राचं पाणी शेतात शिरलं. ते काही एका दिवसात ओसरणारं पाणी नव्हे. बांध दुरुस्त होईना, दर भरतीला पाणी आत येई, आणि दोन वर्षांत बाबांच्या भातशेतीत खारफुटीची तिवरं उगवली. बाबांनी गावातर्फे अर्ज केला. उत्तर आलं: सदर आपत्ती अधिसूचित आपत्तींच्या यादीत समाविष्ट नसल्यामुळे राखीव निधीतून मदत अनुज्ञेय नाही. पूर यादीत होता, वादळ होतं, गारपीट होती. उधाण नव्हतं. खाली शिक्का पुसट, आणि सही... नाव लागत नाही, पण शेवटी एक मोठा फास आणि त्याच्याखाली दोन टिंबं. ज्या माणसाने जन्मभर स्वतःच्या शेतातला भात खाल्ला, तो पिशवी घेऊन दुकानात तांदूळ आणायला जाऊ लागला. ते पत्र बाबांनी ट्रंकेत जपून ठेवलं होतं. ते फाडून का टाकलं नाही, हे मला कधीच कळलं नाही.

मी बाबांना फोन करून पत्राचा फोटो मागवला. "सोड गो बाय, कवाचा विषय काढतेस," असं म्हणत त्यांनी पाठवला. आता मला मावशींची सही हवी होती. एकदा त्यांच्या नावाने आलेलं पार्सल मुद्दाम मी घेतलं आणि "मावशी, इथे सही करा," म्हणून कागद पुढे केला. त्यांनी इंग्रजीत 'एस' काढला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. एकदा वाढदिवसाच्या कार्डावर मागितली, तर नातीकडून करून घेतली. हसू नका, पण मला खात्रीच पटली की बाई सावध आहे.

त्यातून नेहाच्या स्वयंपाकघरात तो डबा. मावशी दरवर्षी घरी भाजून-दळून मेतकूट आणायच्या. त्यातलं अर्धं रोजच्या बरणीत आणि अर्धं एका स्टीलच्या डब्यात, वर पट्टी: 'राखीव'. झाकणाच्या आत यादी चिकटवलेली. ताप. जुलाब. बाळंतपण. दाढ काढणे. लाभार्थी फक्त घरातली माणसं. उघडायचं तर चिठ्ठी करायची आणि तिच्यावर दोन सह्या हव्यात, मावशींची आणि नेहाची. नात म्हणायची, "आजी, इट्स जस्ट पावडर!" मावशी म्हणायच्या, "आज पावडर आहे. ताप आला की औषध होईल." नेहा बिचारी हसून सोडून द्यायची. मला मात्र ती यादी बघितली की चीड यायची.

एका सकाळी मी न राहवून बोललेच. "मावशी, सरकारकडे पैसा पडून असतो, समोर माणूस बुडत असतो, आणि तुम्ही यादी बघता?"

त्या चालता चालता थांबल्या. "अगं, यादी नसली ना, तर निवडणुकीच्या वर्षी सगळीकडे आपत्तीच आपत्ती! पुढाऱ्याच्या गावचा रस्ता खचला, आपत्ती. त्याच्या मेव्हण्याच्या कारखान्याची भिंत पडली, आपत्ती. एकेक प्रस्ताव कसा रडवेला करून आणायचे, तू बघायला हवं होतंस. मग खरा पूर आला की तिजोरीत खडखडाट. मागणाऱ्यानेच ठरवायचं का, त्याचं संकट खरं म्हणून?"

मला ते पटलं, हीच तर पंचाईत. मीसुद्धा रोज हेच करते. तरी म्हटलं, "आणि उधाण? समुद्र पण रडवेला प्रस्ताव घेऊन आला होता का?"

"ते नंतर घेतलं यादीत..." त्या हळूच म्हणाल्या. मग, "कुठलं गाव म्हणालीस तुझं?"

मी सांगितलं. त्या एकदम मागे वळल्या आणि म्हणाल्या, "यल्ला, चला, ऊन चढलं." पुढचे चार दिवस त्या फिरायला आल्या नाहीत. मी मनात म्हटलं, सापडली.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. माझा पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला. मी इथेच अडकले. त्यांना नेताना मी फोनच्या पडद्यावर बघितलं, तेही मध्येमध्ये थांबणारं. दुपारी दाराची बेल वाजली. मावशी, हातात झाकलेलं पातेलं. वाफाळता मऊ भात, तूप, वर पिवळं मेतकूट. रोजची बरणी संपल्याचं नेहाने मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं, म्हणजे हे कुठून आलं ते मला कळलं. आणि त्या अवस्थेतही माझं डोकं काय म्हणालं? मन खातंय म्हणून आलीय ही. मी दारातच विचारलं, "मावशी, आमच्या गावाला नकार कळवला त्या पत्रावर सही तुमचीच होती ना?"

त्या म्हणाल्या, "आधी जेव. गरम आहे तोवर जेव."

पातेलं ओट्यावर ठेवून त्या गेल्या. मी रागारागाने जेवले. पण जेवले, पातेलं पुसून जेवले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला मोकळेपणी रडू आलं. महिन्याभरात त्या ठाण्याला परतल्या. पुढच्या हिवाळ्यात विचारू, असं मी ठरवलं होतं.

परवा नेहाने बोलावलं. "आईंचा डबा काढायचाय, एकटीने होत नाहीये." फळीवर अगदी मागे होता तो. पट्टी तशीच. झाकण उघडलं तर मेतकूट वरून थोडं उपसलेलं, आणि त्यावर घडी घातलेली चिठ्ठी. नेहा म्हणाली, "मी तर कुठल्याच चिठ्ठीवर सही केली नव्हती गं." तारीख बाबा गेले त्या दिवसाची. अक्षर सरकारी, एकाखाली एक ओळी:

लाभार्थी: वैशाली (घराबाहेरील).
आपत्ती: उधाण. यादीत नाही.
मेतकूट चार चमचे. मंजूर.
विलंब क्षमापित व्हावा.

खाली सही. पूर्ण, मराठीत. शेवटी मोठा फास, खाली दोन टिंबं.

'विलंब क्षमापित व्हावा' या अर्थाचं वाक्य मी ऑफिसात रोज वाचते. उशिरा कागद आणणारा माणूस लिहितो ते, मंजूर करणारा नव्हे. मी फोन काढून सही पत्रातल्या सहीशी ताडून बघितली, एकदा नाही, दोनदा. नेहा विचारत राहिली, काय झालं. मी तिला पत्राचा फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. बाबांनाही हे दाखवायला हवं होतं, असं सारखं वाटत राहिलं.

माफ केलं का, असं मला विचारू नका. माझं मलाच सांगता येत नाही. पण दुसऱ्या सहीची जागा चिठ्ठीवर रिकामी होती, आणि एका सहीवर तो डबा उघडत नाही हा त्यांचाच नियम. जागा खरं तर नेहाची होती, पण मी तिच्याकडे पेन मागितलं. लग्नाआधीचं माझं नाव लिहिलं, मधलं बाबांचं नाव सगळं सुवाच्य लिहिलं, आणि चिठ्ठी डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं.