करुणेची मरळ

मी एका मरळीचा जीव वाचवला, हे खरे आहे. मरळीला विचारले असते, तर हीच हकिकत तिने जरा वेगळ्या शब्दांत सांगितली असती, एवढेच.

त्या काळी मी बदनापूरच्या शाळेत शास्त्र शिकवीत असे. मृदू आवाज, भिडस्त स्वभाव आणि पन्नाशी उलटल्यामुळे मुद्रेवर आपोआप उतरलेले गांभीर्य, एवढ्या भांडवलावर बुद्धपौर्णिमेच्या भाषणासाठी दरवर्षी माझीच निवड होई. त्या वर्षी मी करुणेवर बोललो. बोलण्याच्या भरात ‘प्रत्येकाने निदान एका मुक्या जिवाला अभय द्यावे’ असेही म्हणून गेलो. टाळ्या पडल्या. आमचे शेजारी किसनराव तर उपरण्याने डोळे पुसताना दिसले. (ते पाणी धुळीने आले होते, असे पुढे कळले.)

त्यानंतरच्या पहिल्याच बाजाराला मी मासळी आणायला गेलो. यात काही विसंगती आहे, हे मला आज दिसते. त्या दिवशी मात्र मला फक्त मरळ दिसत होती. भोईणीच्या टोपलीत, ओल्या गोणपाटावर, हातभर लांबीची, काळीभोर आणि चक्क जिवंत! मी पिशवीचे तोंड उघडले, भोईणीने मरळ आत सोडली, आणि नेमका मागून आवाज आला.

“जयभीम, गुरुजी! मासळी घेऊन राह्यले का?”

किसनराव! माझ्या हातातली पिशवी उसळ्या मारत होती. ‘होय’ एवढे एकच अक्षरांचे जोडपे उच्चारायचे होते, पण कालपरवाचे भाषण आडवे आले.

“छे, छे! म्हणजे... हिला अभय द्यायचे आहे.”

किसनरावांचे उभे आयुष्य रेल्वेच्या रुळांवर गेलेले, त्यामुळे इंजिनाच्या वर आवाज काढण्याची त्यांना सवय. “बघा रे!” ते भर बाजारात गरजले. “ह्याला म्हणतात माणूस! बोलले तसं करून राह्यले!”

माणसे जमली. भोईण गोंधळली. “अवो गुरुजी, मंग खवले काढू का नको?”

घरी आमच्या सौभाग्यवती गयाबाई पाट्यावर मसाला वाटून तयार होत्या. “द्या इकडं जल्दी. चूल पेटलीय.”

“गयाबाई, ही मरळ आपल्याला खायची नाही.”

“मंग काय तिला जेवायला बोलावलं?”

मी शांतपणे, मुद्देसूद, सारा प्रसंग कथन केला. त्यांनी तो तितक्याच शांतपणे ऐकला आणि विचारले, “हिला अभय. अन् आजवर खाल्ल्या त्यांना?”

“त्या भाषणाच्या आधीच्या होत्या,” मी म्हणालो.

आता अभय दिले, तरी ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरला. दुधना नदीच्या कोरड्या पात्रात त्या दिवसांत मुले चेंडू खेळत होती. तेव्हा मी शाळेतली काचेची पेटी उचलून आणली. बेडकाची पिले कशी वाढतात, हे मुलांना दाखविण्यासाठी ती होती, आणि त्या कामाला ती ऐसपैस होती. मरळीला मात्र तीत सरळ होता येईना. डोके एका कोपऱ्यात, शेपूट दुसऱ्या कोपऱ्यात आणि मधले अंग धनुष्यासारखे वाकलेले, अशा अवस्थेत तिने आमच्या ओसरीवर गृहप्रवेश केला.

“अवो, हिला वळता येईना,” गयाबाई म्हणाल्या.

“मरळ वर येऊन हवेतून श्वास घेते. तिला फार पाणी लागत नाही,” मी शास्त्र सांगितले.

“मी श्वासाचं न्हाई, वळण्याचं बोलून राह्यले.”

मी पेटीवर पोळपाट झाकला आणि पोळपाटावर वरवंटा ठेवला, कारण मरळ उडी मारते, हेही शास्त्रच होते. (त्या दिवसापासून आमच्या घरच्या पोळ्यांना कोणताही निश्चित आकार राहिला नाही.)

शाळेतले चित्रकलेचे जाधव सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, “गुरुजी, माझ्या मळ्यातल्या विहिरीला भरपूर पाणी आहे. आणून सोडा की.” मी त्यांचे आभार मानले आणि “बघू” म्हणालो. का म्हणालो, हे सांगणे कठीण नाही, लाजिरवाणे मात्र आहे. किसनरावांनी ही वार्ता एव्हाना स्टेशनापलीकडे पोचवली होती. लोक ‘करुणेची मरळ’ बघायला येत, काचेसमोर उकिडवे बसत आणि उठताना मला हात जोडत. ओसरीवर बसून विनयाने मान खाली घालण्याची मला गोडी लागली होती. मरळ विहिरीत गेली, तर मान खाली घालायची कुणासमोर?

पुढे तिच्या जेवणाचा प्रश्न निघाला. भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. तिला हवे होते हलणारे, उडणारे, जिवंत अन्न! म्हणून रोज सकाळी पंचशील म्हणून झाले, की मी डोक्यावरची टोपी हातात घेऊन परसातल्या गवतात नाकतोडे पकडू लागलो. एकदा कुंपणावरून किसनरावांचे डोके वर आले.

“गुरुजी, हे काय करून राह्यले?”

“मरळीसाठी.”

किसनरावांनी टोपीत डोकावून पाहिले. “न्हाई, बराबर हाय. पण नाकतोड्यांचं भाषण कधी?”

मी त्या दिवशी टोपी धुवायला टाकली. नाकतोडे मात्र दुसऱ्या दिवशीही पकडले.

मरळ दिसामासाने वाढू लागली. मी याला संगोपनाचे यश समजत होतो. एके दिवशी ओसरी सारवता सारवता गयाबाई पेटीपाशी थांबल्या आणि त्यांनी मला खुणेने बोलावले. मरळीचे नाक सोलवटले होते. काचेवर आपटून आपटून पांढरा मांसल डाग पडला होता, आणि आम्ही बघत असतानाच तिने पुन्हा एकदा, काही विशेष राग नसल्यासारखे, त्याच जागी डोके आपटले. ठक्!

“बाजारात एकदाच मेली असती,” गयाबाई म्हणाल्या. “तुमच्या हातात सापडली, तर रोज मरून राह्यली.”

आयुष्यात पुष्कळ भाषणे केली आणि ऐकली. त्यांतले एवढे आखूड आणि एवढे खरे दुसरे आठवत नाही. “रविवारी नक्की सोडतो,” मी म्हणालो. (रविवारीच का? कारण शनिवारी शिक्षणखात्याचे एक साहेब मरळ बघायला येणार होते. माणसाचा पश्चात्तापसुद्धा किती सोयीने वार बघतो!)

शनिवारी साहेब आले नाहीत. आले ते आष्टीचे भिवाजीबापू. आमच्या लेकीचे सासरे. म्हणजे ज्यांच्यासमोर मी बसतानाही विचारून बसत असे. बापूंनी पाय धुतले, डोक्याचा पटका काढून बाजेवर ठेवला, आणि त्यांची नजर पेटीवर गेली. चेहरा उजळला.

“वा, इवाई, वा! जिती मरळ राखून ठेवली माझ्यासाठी!”

आमच्याकडे पाहुण्यासाठी मरळ आधीपासून पाण्यात जिवंत राखून ठेवणे, म्हणजे मानाची परिसीमा. ज्याच्यासाठी राखली, त्याने ती बघून खूश व्हायचे असते. बापू झालेच. “आष्टीत सांगतो सगळ्यांना! येवढा मान न्हाई केला कुणी. डोकं माझं, बरं का!”

मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. काचेपलीकडे मरळही नेमके तेच करीत होती. लेकीचा सासरा आणि दिलेले अभय, यांच्यामध्ये मी त्या पेटीतल्यासारखाच वाकून उभा होतो. सरळ होता येईना.

शेवटी आतून गयाबाईच बोलल्या. “बापू, ती खायची न्हाई. ती यांच्या भाषणातली हाय.”

बापूंनी सगळे ऐकून घेतले. मला वाटले, आता पटका उचलतील आणि निघतील. पण ते पेटीजवळ जाऊन बसले. “जीव वाचवला. बिलकुल बराबर. मंग सोडली का न्हाई?”

“नदी कोरडी आहे.”

“विहीर?”

“आहे. जाधव सरांची.”

“लई लांब हाय?”

“शाळेच्या मागे,” मी म्हणालो. माझा आवाज मुळातच मृदू. त्या क्षणी तो मलाही ऐकू आला नाही.

“विहीर तरी काय, एक मोठी पेटीच,” मी उगाच तत्त्वज्ञान जोडले.

“वळता तरी येतं ना तिथं!” बापू म्हणाले, आणि नीट बघावे म्हणून त्यांनी वरवंटा बाजूला ठेवून पोळपाट उचलला.

मरळ जणू याच क्षणासाठी इतके दिवस वाकून बसली होती. सप्! ती पेटीतून जी सुटली, ती बापूंच्या कोऱ्या करकरीत पटक्यात जाऊन पडली. तिथून बाजेखाली, बाजेखालून माझ्या पायांमधून, आणि सरपटत थेट मोरीत! मी तिच्यामागे मोरीत झेपावलो. साबणाच्या पाण्यावरून घसरलो. मरळ हाताला लागली आणि निसटली. पुन्हा लागली असे वाटले, तो बापूंच्या पायाचा अंगठा निघाला! गयाबाई मोरीच्या भोकाला पाय लावून उभ्या. “जल्दी धरा! भोकातून गेली, तर गटारात मरंल!”

“गुरुजी,” भिंतीपलीकडून किसनरावांचा आवाज आला, “काय चाल्लंय?”

“अभय देतोय!” मी आयुष्यात प्रथमच एवढ्या मोठ्याने ओरडलो.

बापू नदीकाठी वाढलेले. त्यांनी पटका पाण्यात बुचकळून मरळीवर टाकला, कल्ल्यांच्या मागे बोट दाबून तिला अलगद उचलले आणि म्हणाले, “चला. कपडे बदलत बसू नका.”

सायकलवर मी, मागे बापू, बापूंच्या मांडीवर ओल्या पटक्यातली मरळ. आम्ही मागच्या वाटेने मळ्यात पोचलो. वाटेत मी निरोपाचे चार शब्द मनाशी जुळवले होते. प्रसंग गंभीर होता आणि सवय जात नव्हती. विहिरीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून मी घसा खाकरला मात्र, बापूंच्या हातातून मरळ सुळकन पाण्यात शिरली. तिने शेपटीचा एक फटका मारला, सरळ झाली, पूर्ण लांबीने सरळ झाली, आणि खाली अंधारात निघून गेली. मागे वळून पाहिले नाही. पाहण्यासारखे तरी मी काय केले होते?

“गुरुजी,” बापू म्हणाले, “तुम्ही बोलणार, हे कळलं बघा तिला.”

परत येईस्तोवर दिवेलागण झाली होती. गल्लीच्या तोंडाशीच खमंग वास आला. घरी बघतो, तर गयाबाईंनी मरळीचा रस्सा केलेला! भोईण दारावरून गेली, तिला थांबवले होते. “बापू ‘डोकं माझं’ म्हणून जीभ चाटत बसले होते,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यापुढं वरण ठेवू?”

आम्ही पानावर बसलो. बापूंनी डोके तोंडाला लावले, आणि त्याच क्षणी चौकशीसाठी किसनराव दारात उभे राहिले. त्यांनी ओसरीवरची रिकामी पेटी पाहिली. बापूंच्या हातातले डोके पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

“गुरुजी... खाल्ली?”

“नाही! ती सोडली. ही दुसरी आहे. बापू, सांगा ना!”

बापूंच्या तोंडात काटा होता. त्यांनी एक बोट वर करून ‘थांबा’ असे सुचवले.

“दुसरी,” किसनराव हळूच म्हणाले. उपरण्याचे टोक डोळ्यांना लावून ते वळले. त्या दिवशी धूळ अजिबात नव्हती.

“अवो, जा की! समजावून सांगा त्यांना,” गयाबाई म्हणाल्या. ‘उद्यापर्यंत गावभर होईल’ हे त्यांनी बोलून दाखवण्याची गरज नव्हती.

मी खरोखर अर्धा उठलो होतो. तेवढ्यात माझ्या पानात शेपटीकडचा तुकडा पडला. मी विचार केला, सत्य काय, उद्याही सांगता येईल. रस्सा मात्र उद्यापर्यंत गरम राहणार नाही. मी पुन्हा मांडी घातली.