होळीच्या जागेवरचा बांबू

“गच्चीवरच बसवायची,” नामदेवदादा म्हणाले. “खाडीत शिरनाऱ्या हरेक बोटीवरून दिसली पायजे.”

मी गच्चीवर उभी राहून समोरची तीन मजली इमारत बघत होते आणि माझा चेहरा पडत होता. घरगुती पवनचक्क्या आणि सोलर बसवणं हे माझं काम. मुलुंडहून मालाडच्या टोकाला, या खाडीकाठच्या कोळीवाड्यात मी साइट सर्व्हेला आले होते.

दादांनी बोट विकली होती. घर चालायचं ते सुंदराबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या मासळीविक्रीवर. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा डीप फ्रीझरमध्ये साठवलेला माल हीच त्यांची कमाई. आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. मागच्या पावसाळ्यात सगळी सुरमई फेकावी लागली होती. छपरावर सोलर होतं, पण ढगांपुढे ते ढेपाळतं. वारा मात्र तेव्हाच जोर धरतो. म्हणजे चक्कीची कल्पना झकास होती. जागा चुकत होती.

“दादा, समुद्राचा वारा त्या इमारतीवर आपटून गटांगळ्या खात इथे येतो. आम्ही त्याला टर्ब्युलन्स म्हणतो. पाती फिरतील, थांबतील, उलटसुलट ओढ खातील. वीज थोडी आणि थरथर जास्त. स्लॅबला तडे जातील.”

“वारा मला शिकवते ही,” दादा बायकोकडे बघून म्हणाले.

मग मी माझा हुकमी खेळ काढला. एक लांब बांबू आणि त्याला वरपासून खालपर्यंत बांधलेल्या लाल-पिवळ्या रिबिनी. गच्चीवर उभा केला तर दहा मिनिटांत सगळ्या रिबिनी बांबूलाच गुंडाळल्या. घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे मासळी वाळवायच्या सामाईक मैदानात, उभा केला तर सगळ्या एका दिशेला सरळ ताठ. तिथे समुद्रापर्यंत मध्ये काहीच नव्हतं.

“आठवडाभर राहू दे इथेच,” मी म्हणाले. “रोज बघत जा.”

दादा एकदा जागेकडे, एकदा बांबूकडे बघत घरात गेले.

आठवड्याने गेले तर बांबूला झेंडूची माळ, बुंध्याशी हळद-कुंकू, फुटलेला नारळ. भोवती बायका गाणी म्हणत होत्या. मी रिबिनी सोडायला हात लावला तशी एक आजी अंगावर आली.

“गो बाय, होलीला हात नको लावू!”

होळीला चारच दिवस होते. होळी दरवर्षी खळ्यात त्याच जागी उभी राहते आणि तिची काठी, म्हणजे पुजून मग पेटवायचा उंच बांबू, आणायचा मान एकेका घराचा. यंदा मान दादांचा होता. त्यांच्या दारासमोर रंगीत पताकांचा बांबू दिसला आणि अख्ख्या वाड्याने तो होळी म्हणून पुजला.

“तुम्ही सांगितलं का नाही?” मी दादांना विचारलं.

“कसा सांगू? सगले बोलले, नामदेवची होली यंदा एक नंबर.”

तेवढ्यात आमच्या कंपनीच्या सरांचा फोन. “सर्व्हे झाला? बांबू घेऊन ये, उद्या दुसऱ्या साइटला लागेल.”

“सर, बांबूची होळी झालीय.”

“कोणी जाळला?”

“अजून नाही. पौर्णिमेला.”

सर हसायलाच लागले.

बांबू जळाला. पण त्याआधी साऱ्या वाड्याने त्या ताठ रिबिनी रोज पाहिल्या होत्या. त्यामुळे वाड्याच्या बैठकीत मला फार बोलावं लागलं नाही. खळं सगळ्यांचं, तेव्हा एकाच्या चक्कीला जागा का द्यायची, एवढाच प्रश्न उरला. सुंदराबाई उठल्या. “खल्यात लाइट नाय. आमच्या चक्कीवर एक दिवा लावू.” वाड्याच्या पाटलांनी मान डोलावली. जागा मिळाली ती होळीपासून लांब, खळ्याच्या कडेला. घर जवळच, त्यामुळे वायर आखूड. वायर लांबली की वीज वाटेतच गळते.

परवानग्यांचं रामायण संपलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर खांब उभा राहिला. दादा हिरमुसले होते. “घरावर नाय बसली ती नायच.”

जुलैत लाइट रात्रभर गेली. सकाळी मी धास्तावून फोन केला. चक्की आणि बॅटरी मिळून काय करतील याचं गणित मी केलं होतं, पण दुसऱ्याची मासळी त्या गणितावर ठेवली की ते दहादा तपासावंसं वाटतंच.

“दगडासारखी हाय सुरमई,” सुंदराबाई म्हणाल्या. “ये घेऊन जा.”

मला इतका आनंद झाला की मी पत्ता माहीत असूनही पुन्हा विचारला.

आता दरवर्षी होळीला बायका त्या खांबालाही हळद-कुंकू लावतात. दादा शेजारी उभे राहून सगळ्यांना सांगतात की जागा त्यांनीच निवडली. मी सर्व्हेच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवलाय: ‘या जागेवर वर्षभरात आणखी काय उभं राहतं?’ आणि बांबू नेहमी दोन नेते.