चवथीची कणी

तळेवाडीत सात घरं होती आणि सातही घरांचा बाजार एकटी केशर करायची.

वाडी नंदिगड्डा गावाच्या वरच्या अंगाला, रानात. तिथून सुप्याचा आठवड्याचा बाजार गाठायचा तर उजाडायच्या आधी निघावं लागे. पुरुष लाकूडतोडीला गेलेले असत. बायकांना बाजाराची धास्ती वाटे. तिथे सगळं कानडीत चाले, आणि कोण मापात मारील याचा नेम नसे. केशरचं माहेर सुप्याजवळचं होतं. तिची आई बाजारात चटया विकायची, त्यामुळे कानडी तिला लहानपणापासूनच येत होती. झिलूशी लग्न होऊन ती तळेवाडीत आली आणि वर्षभरातच हे काम तिच्या डोक्यावर बसलं. नंतर ते उतरलं नाही.

जाताना टोपलीत सगळ्यांचा माल असे: मध, मेण, शिकेकाई, वेताच्या दुरड्या. तो विकून यायचं ते मीठ, मिरची, सुकी मासळी. आणि पावसाळ्यात कणग्या रिकाम्या झाल्या की तांदूळ. कुणाच्या मालाचं काय आलं ते ती पदराला गाठी मारून लक्षात ठेवी. वीस वर्षांत तिची गाठ चुकली असं कुणी म्हणालं नाही.

सुप्यात खरेदीच्या दोन जागा होत्या. चढावर गोपाळशेटचं दुकान. शेट मूळचा खानापूरकडचा. कौलारू छप्पर, चुना लावलेल्या भिंती, पितळी तराजू, आणि तांदूळ असा निवडलेला की सुपात घ्यायची गरज नाही. तिथे रानखात्याच्या साहेबाचा आचारी येई, कारकुनांच्या बायका येत. तळेवाडीसारख्या रानातल्या कुणब्यांनाही माल मिळे, पण पायांना चिखल म्हणून त्यांनी पायऱ्यांखाली उभं राहायचं आणि वरची माणसं आटोपली की मग हाक मारायची. खाली ओढ्याच्या काठाला झाडाखाली दुसरा बाजार भरे. तिथे गोणपाट पसरून बायका बसत. मिठात माती, मिरचीत देठं, तांदळाच्या नावाखाली कणी. पण वर जिथे एक पायली मिळे तिथे खाली तीन मिळत. केशर मीठ वरून घेई, कारण मिठातली माती पेजेत तळाला बसते, आणि बाकी सगळं खालून.

मानमोडीचा ताप येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. त्या तापाने तळेवाडीतली नऊ माणसं नेली होती. आदल्या साली पाऊसही नीट झाला नव्हता, त्यामुळे आषाढातच सगळ्यांच्या कणग्या खरवडून झाल्या. श्रावणभर लोक कंदमुळांवर आणि पातळ पेजेवर राहिले. त्यात चवथ आली.

चवथीच्या आधीच्या बाजाराला केशर निघाली तेव्हा तिची जाऊ फुला दारात आली. फुलाचा नवरा तापात गेला होता. पदरी एक चार वर्षांची मुलगी, गुणा.

"केशरक्का, ह्या वक्ताला वरच्या दुकानातनं आण," फुला म्हणाली. "थोडं आलं तरी चालंल. गणपतीम्होरं चांगल्या तांदळाची खीर ठेवू. वरीसभर कुणी ग्वाड खाल्लेलं न्हाई."

म्हातारा लखू पडवीत बसला होता. वाडीतला तोच सगळ्यांत जुना माणूस. तो म्हणाला, "व्हय, वरनंच आण. सातांनी मिळून सांगितलंय असं समज."

केशरने मान हलवली.

सुप्यात माल विकला गेला, पण पावसाळ्यातला मध पातळ आणि भाव पडलेला. ती चढावर गेली आणि पायऱ्यांखाली उभी राहिली. सणाची गर्दी होती. बऱ्याच वेळाने गोपाळशेटने खाली बघितलं.

"काय पायजे?"

तिने हातातले पैसे दाखवले. "ह्येचा चांगला तांदूळ किती येतो, शेट?"

त्याने नोकराला सांगून एका सुपात तांदूळ ओतला आणि ते सूप पायरीवर ठेवलं. पांढराशुभ्र, लांब दाण्याचा तांदूळ. केशरने तो मनातल्या मनात सात घरांत वाटून बघितला. एका घराला दोन ओंजळी. खीर झाली असती. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या बाजारापर्यंत काय, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. पेज मागणारी पोरं आली.

"घेणार का न्हाई? मागं माणसं हायत."

"राहू द्या," ती म्हणाली आणि खाली गेली.

खाली पुतळी नावाची बाई कणी विकायची. घाटावरची विधवा, केशरच्याच वयाची. दोघींची ओळख जुनी. त्या दिवशी पुतळीकडे ढीगभर कणी होती आणि नेहमीपेक्षाही स्वस्त. केशरने मूठभर हातावर घेतली. त्यात बारीक, गोल, मळकट दाणे होते.

"ह्ये काय गो?"

"वरी हाय जरा मिसळलेली."

केशरने दाणे चोळले. वरी नव्हती ती, हरीक होता. हे डोंगरातलं धान्य तिच्या हाताखालून शेकडो वेळा गेलेलं. जुना हरीक खाऊन काही होत नाही. नवा असला किंवा भिजून कोंदटला असला तर मात्र माणसाला चढतो: अंग कापतं, उलट्या होतात, पाय धरत नाहीत. तिने वास घेतला. किंचित उबट होता. पण पावसाळ्यात कुठल्या धान्याला तो वास नसतो? जुनाच असंल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि टोपली भरून घेतली. खीर गोड व्हावी म्हणून वरच्या दुकानातून गुळाचा एक खडा मात्र घेतला.

भरलेली टोपली घेऊन ती वाडीत आली. फुलाने कणी हातावर घेतली, केशरकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "बरं. पोट तरी भरंल."

चवथीला दुपारी लखूच्या अंगणात सगळे एकत्र जेवले. मोठा हंडा चढला होता. खीर दाट झाली होती. पोरांनी दोनदा-तीनदा मागून घेतली आणि कुणी त्यांना अडवलं नाही. केशर वाढत होती. तिच्या वाटणीला तळाची खरवड आली.

पहिली गुणा उठली. आईकडे निघाली आणि अंगणातच कलंडली. पोरं हसली. मग त्यांच्यातलं एक ओकायला लागलं. मारुती हा वाडीतला सगळ्यांत दांडगा गडी, तो खांब धरून उभा राहिला, पण गुडघे लटलट कापत होते. लखूने आपला हात डोळ्यांपुढे धरला. हात थरथरत होता.

"हरीक लागलाय," तो म्हणाला. "चिंचंचं पाणी करा. पोरास्नी आधी पाजा."

झिलू आणि केशर, दोघंच पायांवर होती. झिलू त्या दिवशी लाकूडतोडीवरून उशिरा आला होता आणि जेवायचा राहिला होता. दोघांनी चिंच कोळली, तोंडं उघडून पाणी ओतलं, ओकाऱ्या काढायला लावल्या. मोठी माणसं अंगणात, पडवीत पडेल तिथे झोपली. केशरचंही डोकं गरगरत होतं, पण ती दर थोड्या वेळाने एकेकाच्या नाकापुढे बोट धरून बघत होती.

गुणा उठली नाही. अंधार पडायच्या सुमाराला तिचा श्वास थांबला. ती तापातून वाचलेली पोर होती, अंगात काही उरलेलंच नव्हतं. फुला शेजारीच शुद्ध हरपून पडली होती. तिला सकाळी कळलं. लखू आणखी दोन दिवस जगला. त्याला बोलता येत होतं, पण केशरला त्याने काही विचारलं नाही. ती पाणी पाजायला वाकली की तो डोळे मिटून घेई.

तिसऱ्या दिवशी फुला केशरच्या दारात आली.

"तुला ठावं व्हतं?"

"दाणं बघितलं व्हतं," केशर म्हणाली. "जुना असंल वाटलं."

"आमी काय सांगितलं व्हतं तुला?"

 उत्तराची वाट न बघता फुला निघून गेली.

पुढच्या बाजाराला केशर उरलेली कणी फडक्यात बांधून घेऊन निघाली. झिलू म्हणाला, "जाऊन काय करणार? मेलेली माणसं येतात का?" ती तरी गेली.

पुतळी नेहमीच्या जागी होती. केशरने गाठोडं तिच्यापुढे सोडलं आणि झालेलं सगळं सांगितलं. पुतळीचं तोंड उतरलं. तिने मूठभर दाणे हातावर घेऊन चोळले.

"मी बी त्येच खाते गो," ती म्हणाली. "चार दिस डोकं फिरत व्हतं, हात कापत व्हतं. मला वाटलं भुकेनं होतंय."

"आणलं कुठनं?"

पुतळीने हनुवटीने चढाकडे दाखवलं. "शेटच्या मागल्या दारानं. त्येंच्या कोठारात छप्पर गळून हरकाची पोती भिजली. मला म्हणाले, कणीत मिसळ, वरी म्हण, खाली खपंल. ही कणी तरी कुठली? त्येंच्या तांदळातली निवडून काढलेली. कायम तिथनंच येते माझ्याकडं."

केशरने गाठोडं पुन्हा बांधलं आणि चढ चढली. पायऱ्यांपाशी ती थांबली नाही. चिखलाच्या पायांनी वर गेली आणि पितळी तराजूच्या शेजारी फडकं उघडलं. आत दोन कारकुनांच्या बायका आणि साहेबाचा आचारी होता.

"ह्यो हरीक तुमचा," ती म्हणाली. "आमची दोन माणसं मेली. एक चार वर्साची पोर हाय त्यात."

"खाली उतर आधी," गोपाळशेट म्हणाला. "मी तो कोंबड्यांसाठी दिला होता. त्या बाईनं काय केलं ते मला काय ठाऊक?"

"पुतळीकडं कोंबडी हाय का एक तरी?"

 एका कारकुनाच्या बायकोने आपल्या पिशवीत हात घालून तांदूळ वर काढला आणि उजेडाकडे धरून बघितला. "आमचाही ह्याच कोठारातला का हो?" तिने विचारलं. आचारीही पुढे सरकला.

गोपाळशेट झटकन उठला. एका गोणीतून पांढऱ्या तांदळाचं मोठं गाठोडं त्याने स्वतः बांधलं, केशरच्या पुढ्यात ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "घे. जा आता. परत हे हितं बोलायचं न्हाई."

केशर उभी राहिली. घ्यायचं नाही हे तिला पक्कं कळत होतं. आणि सात घरांत त्या दिवशी चूल पेटलेली नव्हती, हेही कळत होतं. तिने गाठोडं उचललं. तिच्यामागे कारकुनांच्या बायका पुन्हा भाव विचारू लागल्या होत्या.

घरी येऊन तिने काहीही लपवलं नाही. तांदूळ कुठून आला आणि कशाबद्दल मिळाला, अंगणात सगळ्यांना सांगितलं. मारुती म्हणाला, "पोरीच्या बदल्यात तांदूळ घेऊन आलीस." तरी संध्याकाळी वाटे झाले. फुलाने आपला वाटा घेतला नाही.

पुढच्या बाजाराला मारुती गेला. वाडीने ठरवल्याप्रमाणे सगळं वरच्या दुकानातूनच घेऊन आला. माल चांगला होता. चौथ्या दिवशी संपला. त्याच्या पुढच्या खेपेला त्याला मापात मारलं गेलं आणि मीठच कमी आलं. तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी फुला केशरकडे आली. पडवीत चढली नाही, अंगणातच थांबली.

"उद्या बाजार हाय. तू जा."

"मी?"

"दुसऱ्या कुणाला जमत न्हाई. मी तुला माफ केलेलं न्हाई, त्ये डोक्यात ठेव. पर जा."

केशर गेली, आणि पुन्हा खालूनच कणी घेऊन आली, कारण दुसरा इलाज नव्हता. मात्र त्या दिवसापासून तिने एक रीत धरली. आणलेलं धान्य लगेच वाटायचं नाही. प्रत्येक गाठोड्यातली मूठ काढून दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या चुलीवर शिजवायची, एकटीने खायची आणि दुपारपर्यंत बसून राहायचं. हात कापले नाहीत, डोळ्यांपुढे अंधारी आली नाही, की मग वाटे करायचे. झिलूलाही ती त्यातला घास देत नसे. पोरं भुकेने रडत तिच्या दारापुढे घुटमळायची. ती "थांबा जरा" म्हणायची आणि आपल्या बोटांकडे बघत बसायची. दोनदा तिला चढलं. एकदा दीड दिवस ती शुद्धीवर नव्हती, आणि ते धान्य मारुतीने रानात नेऊन पुरलं.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग एका बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केशर मडकं उतरवून बसली असताना फुला आत आली. तिने समोर बसकण मारली, मडक्यात हात घातला आणि एक घास काढून घेतला.

"नगं," केशर म्हणाली. "थांब दुपारपतुर."

फुलाने घास तोंडात टाकला. सावकाश चावून गिळला. मग दोघीही हात मांडीवर ठेवून दुपार व्हायची वाट बघत बसल्या.