शब्दाबाहेर न जाणारा बाळ्या

आमच्या मोताळ्यात कोणाच्याबी घरचं लगन असो, पंगत आमचे हेच चालवतात. हे म्हणजे माहे मालक, पंजाबराव. "होऊ द्या सुरू!" असं ह्यायनं ओरडल्याबिगर कोणी घासाले हात लावत नाई. मंग कंबरेवर हात ठेवून रांगेतून फिरतात. "इकडे वरण! तिकडे भात! मामाले जिलेबी काऊन नाई?" वाढणारे पोट्टे त्यायचं किती ऐकतात ते देवालेच ठाऊक, पण मान मोठा.

तं आमच्या नातीच्या, पूनमच्या लग्नात तिच्या बापानं, म्हणजे माह्या गोकुळनं, वाढायले भाड्यानं रोबोट आणला. चाकावरचं कपाटच ते, अन् वर मांजराचं तोंड. फरशीवर चिकटवलेल्या पट्टीवरून आपलं आपण जाये, खुणेवर थांबे, "हो जी, घ्या जी" म्हणे अन् पुढं सरके.

आदल्या दिवशी कार्यालयात ते चालवून पाह्यलं. हे पट्टीवर उभे राह्यले अन् गरजले, "थांब बे!" ते मुकाट्यानं ह्यायच्या पोटापर्यंत आलं अन् म्हणते कसं, "वाट द्या जी."

अव माय! ह्यायले आजवर कोणी बाजूले हो म्हटलं नव्हतं.

"भूत हाय हे! नजर पाय त्याची! हे मंडपात असंन तं मी येत नाई. घाला त्या मांजराच्या हातानं जेवू!" अन् खुर्ची घेऊन बाहेर जाऊन बसले.

पूनमनं रडून डोळे सुजवले. "आजोबा नसले तं मी बोहल्यावर उभीच राहत नाई." गोकुळनं वाढप्यायले आधीच नको म्हटलेलं. सारे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले. मले असा राग आला म्हणता! घरी गेली, आमच्या कूलरचा रिमोट आणला अन् ह्यायच्या हातात ठेवला.

"अहो, त्याचा लगाम हा हाय. लाल बटन दाबलं का थांबते, परत दाबलं का चालते. गोकुळ द्यायले विसरला."

गोकुळनं जीभ चावली.

ह्यायनं बटन दाबलं. तेवढ्यात रोबोट खुणेवर आलाच होता. थांबला. "हो जी." झालं, ह्यायच्या मिशा वर! कधी तो दाबायच्या आधीच थांबे. "पाह्यलं? मनातलं ओळखते." कधी दाबूनबी थांबत नसे. "दमलं असंन लेकरू." दिवस मावळेपर्यंत भुताचा बाळ्या झाला, अन् नजर लागू नये म्हणून मले त्याच्या गालाले काजळ लावा लागलं.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. आदल्या दिवशी कार्यालयातल्या कूलरची वायरच लावली नव्हती; ते आमच्या घरच्या कूलरच्याच कंपनीचे, हे मेलं माह्या ध्यानातच नव्हतं. "होऊ द्या सुरू!" ह्यायनं हाळी दिली अन् बटन दाबलं. बाळ्या आपल्या खुणेवर थांबला अन् नवरदेवाच्या मामामागचा कूलर फटकन बंद. परत दाबलं. बाळ्या निघाला अन् कूलर असा सुटला का पत्रावळीतला पापड उडून विहिणीच्या मांडीवर!

"काय चाललं हो हे?" मामा चंद्रशेखरराव घाम पुसत ओरडले.

"आमचा बाळ्या पाहा, कसा शब्दात हाय," हे म्हणे. "अन् ह्या कूलरले कोणाचा धाकच नाई! भूत शिरलं त्यात!"

हसून हसून माह्या नाकात मठ्ठा गेला. पण पंगत उठली ती ह्यायच्याच हुकमानं, अन् पूनम अशी खुशीत होती का माह्या जिवाले बरं वाटलं.

सारं आवरल्यावर ह्यायनं बाळ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. डोळे भरून आले बुढ्याचे.

"वच्छला," मले म्हणे, "हा अगदी तुह्यासारखा हाय बघ. इतक्या वर्सांत तू कधी माह्या शब्दाबाहेर गेली नाईस. तो रिमोट त्याच्यासंगं पाठवून दे. त्याच्याबिगर लेकरू चालणार नाई."

"हो जी," मी म्हटलं, अन् रिमोट पिशवीत टाकला. घरी लय गरम होते.