केसरीनाथचं एकच औषध

वडप्याच्या केसरीनाथने आयुष्यात स्वतः काय कमावलं, असं गावात विचारलं तर माणसं डोकं खाजवतात. जमीन बापाची, तिच्यावरची गोदामं दुसऱ्याने बांधलेली. भाडं घरबसल्या येतं आणि गळ्यातली बोटभर जाडीची साखळी त्याच भाड्याची.

तरी शेतकरी म्हणवून घ्यायची हौस दांडगी. भाताच्या चिखलात उतरणं नको, म्हणून गोदामामागच्या उंचवट्यावर त्याने सोयाबीन पेरलं. पहिल्या साली शेंगांवर करपा आला. गोदामात शेतीची औषधं ठेवणाऱ्या भाडेकरू कंपनीने दिलेलं बुरशीनाशक मारलं आणि पीक वाचलं. झालं! हायवेला स्वतःच्या फोटोचा बॅनर लागला आणि केसरीनाथ गावाला शेती शिकवू लागला. शेजारच्या नवशालाही त्याने सोयाबीनच्या नादी लावलं.

पुढे दरवर्षी तेच औषध. डाग दिसले तरी फवार, नाही दिसले तरी फवार. पंप मजुराच्या पाठीवर, हा बांधावर खुर्ची टाकून फोनवर.

त्याची सून दिपाली शेतीचीच पदवी घेतलेली. ती म्हणाली, "बाबा, एकाच औषधाने मरणारी बुरशी मरते, न मरणारी उरते आणि मग तीच माजते. या खेपेला वेगळ्या गटाचं औषध घ्या."

"पुस्तकातली बुरशी येगली, शेतातली येगली. तू घरातलं बघ," केसरीनाथ म्हणाला, आणि मजुराला औषध दुप्पट घालायला लावलं.

शेंगा काळ्या पडत गेल्या. दिपालीने न विचारता कडेच्या चार ओळींवर दुसरं औषध मारून घेतलं. तेवढ्याच ओळी तगल्या. ते पाहून हा शहाणा म्हणतो, "तिथली मातीच चांगली हाय."

आठवड्याभरात नवशा दारात आला. त्याच्याही शेंगा गेल्या होत्या.

"मी तं हे औषध पयल्यांदाच मारलं. मापात मारलं. तरी लागू कसं न्हाय?"

दिपालीला सासऱ्यासमोरच सांगावं लागलं, "काका, बुरशी आमच्या शेतातून वाऱ्यापावसाबरोबर तुमच्याकडे आली. या औषधाला ती इथेच सरावली होती."

केसरीनाथ झोपाळ्यावर हसला. "नवशा, तुझा हातच वाईट."

नवशा कधी वर मान करून बोलणारा नव्हे. त्या दिवशी बोलला, "माझा हात न्हाय, तुझा शेजार वाईट."

त्याने रोगट पीक उपटून जाळलं, आणि हिवाळ्यात दिपालीला विचारून वालाचं बी टोकलं. ती बघायला गेली, की केसरीनाथ घरात भांडी आपटतो.

स्वतःच्या तुकड्यावर त्याने खडी टाकली. आता तिथे ट्रेलर उभे राहतात. "सोयाबीनमधी दम न्हाय," तो नाक्यावर सांगतो. ऐकणाऱ्यांची पोरं त्याच्याच गोदामांत ड्युटीला असल्याने माना हलतात. तो पुढे गेला की माणसं थुंकतात.