खांबावरचा मथळा

मंचरच्या बाजारपेठेत एका खतांच्या दुकानावरच्या खोलीत बसून मी तीन वर्षं मथळे पाडले. पाडले हाच शब्द बरोबर आहे. भट्टीवर विटा पाडतात तसे, दिवसाला पंचवीस-तीस. आमचं न्यूज पोर्टल होतं म्हणे. पोर्टल म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक मरतुकडा पंखा, मी, आणि स्वतःला मुख्य संपादक म्हणवून घेणारा मालक. या मुख्य संपादकाचा आधी फ्लेक्स छापायचा धंदा होता. जुन्नर-आंबेगावातला एक वाढदिवस असा नसेल की ज्याचा फ्लेक्स त्यानं छापला नाही. त्यामुळे भाषेतले त्याला फक्त दोन प्रकारचे शब्द ठाऊक होते, 'कार्यसम्राट' आणि 'धडाडीचे'. बाकीची मराठी त्याला कधी लागलीच नाही.

त्याचा पहिला आणि शेवटचा नियम असा की मथळ्यात बातमी सांगायची नाही. सांगितली तर लोक आत कशाला येतील, असा त्याचा सवाल. म्हणून निमगाव सावात कुणाची हरवलेली म्हैस दोन दिवसांनी सापडली, की मी लिहायचं, 'निमगाव सावात असं काय सापडलं की सगळं गाव धावलं?' लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना सोबत पाणी ठेवा एवढंच सांगायचं असलं, तर 'लेण्याद्रीला जाताय? ही एक चूक चुकूनही करू नका!' नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आणि फोटोवर लाल बाण. कशाकडे बाण, हे विचारायचं नाही. एकदा तर बाण नुसता आभाळाकडे होता आणि त्या बातमीला आमच्याकडे सगळ्यांत जास्त लोक आले.

मला या सगळ्याची किळस होती असं मी घरी सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला ते जमायचंही झकास.

माझी एक मावशी आहे, आईची धाकटी बहीण. महाळुंगे पडवळच्या पुढं एका गावाच्या वस्तीवर राहते. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना ते कळेलच. सात-आठ घरं, सगळी आमच्याच समाजाची, बौद्ध. मधोमध छोटं विहार. फाट्यावरून वस्तीवर यायला वीस मिनिटं चालायचं आणि दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच ऊस. त्या वाटेवर, फाट्यापासून थोडं आत, विजेचा एक खांब आहे. खांब आहे, तारा आहेत, फक्त दिवा नाही. ग्रामपंचायतीत दर वेळी अर्ज द्यायचा, ते दर वेळी 'बघू' म्हणायचे. आमच्या वस्तीच्या बाबतीत त्यांची नजर जरा अधूच असते.

मावशीची नात दहावीत. हायस्कुलात गणिताचा जादा तास असायचा, तो सुटेपर्यंत थंडीत अंधार पडलेला. बाप त्या वेळी दुधाचा टेम्पो घेऊन गेलेला, आई गोठ्यात. मग मावशी बांधावर चरलेली शेळी घेऊन फाट्यावर जायची आणि नातीला घेऊन परत यायची. एका संध्याकाळी त्या बिनदिव्याच्या खांबापाशीच बिबट्यानं शेळी धरली. दावं मावशीच्या हातात होतं. तिनं दावं सोडलं, नातीचा हात धरला आणि दोघी पळाल्या. झालं ते एवढंच. कमरेला खुरपं होतं, ते कमरेलाच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या भावानं, पोरीचा तास बंद केला. खांबाला दिवा लागेपर्यंत अंधार पडल्यावर ती फाट्यापलीकडं राहणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं. त्याला तरी कसं चुकीचं म्हणावं? पण पोरीला सायन्सला जायचं होतं आणि तिचं घोडं गणितातच अडायचं. परीक्षेला तीन महिने राहिलेले.

मावशीनं मला फोन केला. रडली-बिडली नाही. म्हणाली, "तू त्या मोबाइलात लिहितीस ना, मग एवढंच लिही. खांबावर दिवा न्हाई. दुसरं काय बी लिहू नको."

मी लिहिलं. वर मथळा दिला, 'वस्तीच्या वाटेवर खांब आहे, दिवा नाही. दहावीच्या मुलीचा तास बंद'. मालकानं तो वाचला आणि खुर्चीत मागं रेलून हसला. हा मथळा आहे का पंचनामा, म्हणाला. यात सगळंच कळतंय, आत यायला लोकांना काय वेड लागलंय? मग बातमीतलं खुरपं त्याच्या ध्यानात आलं. म्हाताऱ्या बाईकडं खुरपं होतं ना, असं त्यानं दोनदा विचारलं. होतं, मी म्हटलं. मग तूच बघ, असं म्हणून तो चहाला गेला.

त्यानं जबरदस्ती केली असती तर आज मला बरं वाटलं असतं. त्यानं काही केलं नाही. तो खाली चहा पीत होता आणि वर मी माझा मथळा खोडून दुसरा लिहिला. 'कमरेला खुरपं, समोर बिबट्या! आंबेगावच्या या वाघिणीनं पुढं जे केलं ते पाहून थक्क व्हाल'. यात खोटा असा एक शब्द नव्हता, याचाच मला मोठा अभिमान. तिनं पुढं पळच काढला होता, आणि थक्क तर कुणीही होईल. दिव्याचं सगळं खाली होतं की, सहाव्या ओळीत. दोन मिनिटांत जमलं आणि जमल्यावर मी स्वतःशी हसलेही. माती खाल्ली मी, ती अशी हसत हसत.

आमच्या दोन्ही तालुक्यांत माणसाला काहीही झालं तरी त्याचा सत्कार करतात. पास झाला, निवृत्त झाला, आजारातून उठला, बिबट्यासमोरून वाचला, चला, शाल आणि नारळ. तोंडावर दोन शब्द चांगले बोलायचे, फोटो काढायचा आणि मोकळं व्हायचं. त्यानंतर त्या माणसाचं काम करायची गरज उरत नाही. शालीही त्याच त्या फिरत असतात, एकाची घडी न मोडलेली शाल पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या खांद्यावर. त्या मथळ्यानंतर मावशीच्या दारात गाड्या यायला लागल्या. महिला मंडळ आलं, पतसंस्थेवाले आले, दोन पक्षांचे लोक एकाच दिवशी आले आणि एकमेकांची शाल आधी पडू नये म्हणून अंगणात भांडले. सगळ्यांना फोटोत खुरपं हवं होतं. एकानं तर तिला ते जरा वर धरायला सांगितलं.

सहावी ओळ कुणी वाचली? शपथेवर सांगते, एकानंही नाही. मथळा वाचायचा, अंगठा दाबायचा, पुढं पाठवायचं. माझ्याच धंद्यानं लोकांना ही सवय लावली होती, तेव्हा त्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही. तरी देते. डोंबलाचे वाचक.

शेवटी ग्रामपंचायतीनंच सत्कार ठेवला. हाच आपला मोका, असं मावशीला वाटलं. मालकानं मला व्हिडिओ काढायला पाठवलं होतं, म्हणून मी तिथं होते. स्टेजवर तिचा दहा फुटी फ्लेक्स, खाली 'रणरागिणी'. शाल पडली, नारळ झाला आणि माइक तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "म्या बिबट्याला मारलं न्हाई. म्या पळाले. पोरीचा हात धरला आन् पळाले. तेवढा खांबाला दिवा लावा, पोरीचा तास बुडतोय."

टाळ्या. माणसं उभी राहिली. केवढा हा साधेपणा, असं सूत्रसंचालक म्हणाला. मग सरपंचांनी माइक घेतला आणि हसत हसत म्हणाले, "मावशी, तुमच्यासारखी वाघीण असताना वस्तीला दिवा कशाला पायजे?"

मांडव हसला. मावशीनं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, नुसतं बघितलं. ते वाक्य सरपंचांचं नव्हतंच, माझ्या मथळ्यातूनच ते उगवलं होतं. मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली की व्हिडिओ बंद करायचंसुद्धा सुचलं नाही.

संध्याकाळी मालकानं त्याच व्हिडिओला मथळा मागितला. मी म्हटलं, मला सुचत नाही. मग त्यानं स्वतःच दिला, 'वाघिणीचा साधेपणा पाहून डोळे पाणावतील'. लाल बाण मावशीच्या कपाळावर. त्या महिन्याच्या शेवटी मी काम सोडलं. त्यात कसला मोठेपणा नाही, खूप आधी सोडायला हवं होतं.

सोडल्यावर मी वस्तीवर गेले. मावशीनं भाकरी वाढली, जेवू घातलं आणि निघताना शालींचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. "हे तुझं," म्हणाली. "त्यांनी सत्कार तुझ्या लिहिण्याचा केला, माझा न्हाई." मी त्या घेतल्या. नको म्हणायला तोंड कुठं होतं?

पुढचं केलं ते पोरीनं. सत्काराचा तो दहा फुटी फ्लेक्स कुणीतरी वस्तीवर आणून टाकला होता. आमच्याकडं जुने फ्लेक्स कांद्याच्या आरणीवर, म्हणजे साठवलेल्या ढिगावर, पांघरतात, तसाच तोही पडला होता. पोरीनं तो उलटा केला. मागची बाजू पांढरी असते. गोठ्याच्या दाराला लावायच्या निळ्या रंगानं तिनं त्यावर लिहिलं, 'या खांबाला दिवा नाही. मी दहावीत आहे. मला इथून जायचं आहे.' आणि आईला सोबत घेऊन, भर दुपारी, तो त्या खांबाला बांधला. उद्गारचिन्ह नाही, बाण नाही, वाघीण नाही. पुढं काय घडलं म्हणून विचारायची सोयच ठेवली नव्हती.

कडेचा ऊस तोवर तुटला होता, त्यामुळे फाट्यावरच्या डांबरी रस्त्यावरूनही तो दिसायचा. एसटीतली माणसं वाचत जायची, ऊसतोडीचे ट्रॅक्टर थांबायचे. कुणाला दाबायला अंगठा नव्हता, म्हणून लोक तोंडानं विचारायला लागले. बाजारात सरपंचांना गाठून विचारायचे, राव, त्या पोरीचा दिवा लागला का? आठ-दहा दिवसांत वायरमन आला, दिवा लावला आणि जाताना फ्लेक्स सोडून घेऊन गेला. तशी त्याला ताकीदच होती.

पण तोवर फेब्रुवारी सरला होता. जादा तास संपून पोरांना अभ्यासाची सुट्टी लागली होती. वाटेवर रोज लख्ख उजेड आणि जायला कुठं नाही. ती पास झाली. गणितात पस्तीस. सायन्सचा नाद तिनं स्वतःच सोडला.

निकालानंतर मी पेढे घेऊन गेले. ती ओट्यावर बसली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "आत्या, तू पयल्यांदाच सरळ लिवलं असतं तर?"

"लिहिलं होतं," मी म्हटलं. "मीच खोडलं."

तिनं पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि आत आजीला द्यायला गेली. मी अंधार पडेपर्यंत ओट्यावरच बसले. मग वाटेवरचा दिवा लागला आणि मी एसटी पकडायला निघाले. वाट सगळी दिसत होती.